विश्लेषण : बिथरलेली प्रतिकारशक्ती ‘रीसेट’ करता येईल का? ल्युपसवरील कार-टी उपचारांची एवढी चर्चा का?

रक्ताच्या कर्करोगासाठी विकसित झालेले कार-टी पेशी उपचार आता ल्युपस, स्नायुदाह, त्वचा कठीण करणारा सिस्टेमिक स्क्लेरोसिस अशा स्वयंप्रतिकार आजारांवर तपासले जात आहेत. जर्मनीतील पहिल्या काही रुग्णांची सर्व औषधे थांबवता आली, तेव्हापासून जगभरातील संधिवाततज्ज्ञांचे लक्ष या संशोधनाकडे लागले आहे. आयुष्यभर स्टेरॉइड घ्यावे लागणाऱ्या रुग्णांसाठी ही मोठी आशा आहे. पण रुग्णसंख्या, धोके आणि खर्च यांचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत.

ल्युपस म्हणजे नेमके काय?

शरीरात शिरलेले जिवाणू-विषाणू ओळखून त्यांचा नायनाट करणे हे प्रतिकारशक्तीचे काम. स्वयंप्रतिकार आजारांत तिची आप-पर ओळखण्याची क्षमता बिघडते आणि ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते. आमवातात हा हल्ला मुख्यतः सांध्यांच्या अस्तरावर होतो, पहिल्या प्रकारच्या मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर. ल्युपसमध्ये पेशींच्या केंद्रकातील घटकांविरुद्ध, अगदी डीएनएविरुद्धही, प्रतिपिंडे तयार होतात. त्यामुळे त्वचा, सांधे, मूत्रपिंड, फुप्फुसे, रक्तपेशी, मेंदू यांपैकी कशालाही इजा होऊ शकते. गालांवर फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा, उन्हाने वाढणारे पुरळ, सांधेदुखी, सतत बारीक ताप, केस गळणे, तोंडात फोड ही नेहमीची लक्षणे. मात्र ती एकाच वेळी दिसतील असे नाही. म्हणूनच अनेकदा ‘अशक्तपणा’ किंवा ‘वाताचा त्रास’ म्हणून हा आजार वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

महिलांमध्ये प्रमाण जास्त का?

ल्युपसच्या दर दहा रुग्णांमागे सुमारे नऊ महिला असतात आणि बहुतेकींना तो शिक्षण, नोकरी, बाळंतपण अशा ऐन उमेदीच्या वयात होतो. हार्मोन्सकडे बोट दाखवले जात असले, तरी अलीकडच्या संशोधनाने एक्स गुणसूत्राकडे लक्ष वेधले. महिलांच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांपैकी एक ‘झिस्ट’ नावाच्या आरएनए रेणूच्या साह्याने निष्क्रिय केले जाते. या रेणूभोवती जमणारी प्रथिनेच प्रतिकारशक्तीला चिथावू शकतात, असे स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये उंदरांवरील प्रयोग आणि रुग्णांच्या रक्ताच्या तपासणीतून दाखवले. त्याच विद्यापीठातील दुसऱ्या गटाने २०२५ च्या अखेरीस एप्स्टीन-बार विषाणूचा दुवा पुढे आणला. हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतो. निरोगी व्यक्तीत साधारण दहा हजारांत एका बी-पेशीत तो आढळतो. ल्युपसच्या रुग्णांत हे प्रमाण सुमारे चारशेत एक असल्याचे या अभ्यासात दिसले. प्रतिपिंडे तयार करण्याचे काम बी-पेशींच्याच वंशावळीकडे असल्याने उपचारांचा रोखही त्यांच्याकडे वळला आहे.

सध्याच्या उपचारांची मर्यादा काय?

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हा ल्युपसच्या उपचारांचा पाया आहे. आजार भडकला की स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागतात. त्यांनी जीव वाचतात, पण हाडे ठिसूळ होणे, मधुमेह, मोतीबिंदू, वारंवार होणारे संसर्ग ही किंमत मोजावी लागते. बेलिमुमॅब हे खास ल्युपससाठीचे औषध अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाले. त्याआधीची पन्नासहून अधिक वर्षे या आजारासाठी तेथे एकही नवे औषध मंजूर झालेले नव्हते. त्यानंतर २०२१ मध्ये अ‍ॅनिफ्रोलुमॅब आले.

बी-पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅब डॉक्टर अनेक वर्षे वापरतात. मात्र ल्युपसवरील दोन मोठ्या चाचण्यांत ते अपेक्षित परिणाम सिद्ध करू शकले नाही. हे औषध रक्तातील बी-पेशी संपवते, पण लसिका ग्रंथींत आणि अवयवांच्या आत दडलेल्या पेशींपर्यंत पुरेसे पोहोचत नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. मुळे शिल्लक राहिली की तण पुन्हा उगवते, तसाच हा प्रकार.

कार-टी उपचार कसे काम करतात?

रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढल्या जातात. प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवे जनुक घातले जाते. त्यामुळे टी-पेशींवर एक कृत्रिम ग्राहक उगवतो, जो बी-पेशींवरील ‘सीडी१९’ हे प्रथिन अचूक ओळखतो. अशा पेशींची संख्या वाढवून त्या एकदाच शिरेतून रुग्णाला परत दिल्या जातात. त्याआधी शरीरात जागा करण्यासाठी काही दिवस केमोथेरपी द्यावी लागते. औषधाचा रेणू काही काळाने निचरा होऊन जातो. या पेशी मात्र जिवंत असतात, वाढतात, ऊतींमध्ये शिरतात आणि लपलेल्या बी-पेशी शोधून मारतात.

ल्युपसच्या रुग्णांत काय दिसले?

जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठ रुग्णालयात गेऑर्ग शेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ल्युपसने मूत्रपिंडे बाधित झालेल्या २० वर्षांच्या तरुणीवर हे उपचार केले. इतर औषधांना तिचा आजार दाद देत नव्हता. उपचारानंतर आजार आटोक्यात आला. २०२२ मध्ये पाच रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांत पाचही जणांचा आजार शांत झाला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १५ रुग्णांची माहिती आली. त्यांत आठ ल्युपसचे, तीन स्नायुदाहाचे आणि चार सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे होते. ल्युपसच्या आठही रुग्णांत आजाराची लक्षणे शमली आणि पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबवता आली.

‘रीसेट’ झाले म्हणजे काय?

उपचारानंतर काही महिन्यांनी बी-पेशी पुन्हा तयार होऊ लागतात. अपेक्षेप्रमाणे त्यांच्यासोबत आजारही परतायला हवा होता. पण बहुतेक रुग्णांत तसे झाले नाही. नव्याने आलेल्या पेशी ‘कोऱ्या’ होत्या. शरीराविरुद्ध लढण्याची जुनी आठवण त्यांच्यात नव्हती. लसिका ग्रंथींच्या तपासणीतही रिटुक्सिमॅबच्या तुलनेत कार-टीनंतर बी-पेशी पूर्णपणे नाहीशा झालेल्या आढळल्या. दुसरी दिलासादायक बाब म्हणजे पूर्वी घेतलेल्या लसींमुळे तयार झालेली प्रतिपिंडे बऱ्याच अंशी टिकून राहिली. ती बनवणाऱ्या दीर्घायुषी पेशींवर सीडी१९ नसते, म्हणून त्या वाचतात.

पण आजार शांत होणे आणि कायमचा बरा होणे यांत फरक आहे. स्नायुदाहाच्या एका रुग्णात आजार पुन्हा उफाळला आणि त्याला वेगळ्या लक्ष्यावर बेतलेल्या कार-टी पेशी द्याव्या लागल्या. शिवाय सुरुवातीच्या अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ‘रीसेट’ किती वर्षे टिकतो, याचे उत्तर मोठ्या चाचण्या आणि दीर्घ पाठपुराव्यातूनच मिळेल.

धोके कोणते?

कार-टी पेशी एकदम सक्रिय झाल्या की रक्तात दाहकारक रसायनांचा पूर येतो. ताप, रक्तदाब घसरणे, श्वास लागणे असे त्याचे स्वरूप असते. एर्लांगेनच्या रुग्णांत हा त्रास बहुतांश सौम्य राहिला. एकाला न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. मज्जासंस्थेवर परिणाम आणि रक्तपेशी कमी होणे हेही ज्ञात धोके आहेत. केमोथेरपीमुळे प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो आणि ल्युपसच्या बहुसंख्य रुग्ण तरुण महिला असल्याने हा मुद्दा कळीचा ठरतो. कार-टी घेतलेल्या काही कर्करोग रुग्णांत टी-पेशींचा नवा कर्करोग आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये या उपचारांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. शेवटच्या टप्प्यातील कर्करोगात हा धोका पत्करणे वेगळे आणि औषधांवर अनेक वर्षे जगू शकणाऱ्या पंचविशीतील तरुणीने तो पत्करणे वेगळे.

भारतात स्थिती काय?

आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून, इम्युनोअ‍ॅक्ट या कंपनीमार्फत विकसित झालेल्या ‘नेक्सकार१९’ या देशातील पहिल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. अमेरिकेत पहिल्या कार-टी उत्पादनाची किंमत २०१७ मध्ये पावणेपाच लाख डॉलर होती. भारतीय उपचार त्याच्या साधारण दशांश खर्चात देता येतात, असे तेव्हा सांगण्यात आले. बेंगळुरूच्या इम्युनील कंपनीचे उत्पादनही २०२५ मध्ये बाजारात आले. म्हणजे तंत्रज्ञान, कारखाना आणि प्रशिक्षित डॉक्टर देशात आहेत. नेक्सकार१९चे लक्ष्यही सीडी१९ हेच आहे.

मात्र ही मान्यता रक्ताच्या ठरावीक कर्करोगांसाठी आहे, ल्युपससाठी नाही. अमेरिकेतही २०२५ अखेरपर्यंत कोणत्याही स्वयंप्रतिकार आजारासाठी कार-टीला मान्यता मिळालेली नव्हती. शिवाय दशांश खर्च म्हणजेही काही लाखांत मोजावी लागणारी रक्कम. संधिवाताच्या आजारांचा भार किती मोठा आहे, हे पुणे जिल्ह्यातील भिगवणमध्ये १९९६ पासून झालेल्या पाहणीने दाखवून दिले होते. तेथे आमवाताचे प्रमाण प्रौढांमध्ये सुमारे अर्धा टक्का आढळले. राज्याच्या ग्रामीण भागात संधिवाततज्ज्ञच मोजके असताना पेशी उपचारांपर्यंत कोण पोहोचणार, हा प्रश्न उरतोच.

खर्च कमी करण्याचे मार्ग कोणते?

प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र पेशी तयार कराव्या लागतात, म्हणून हे उपचार महाग आहेत. त्यावर तीन मार्गांनी काम सुरू आहे. पहिला मार्ग निरोगी दात्याच्या पेशी जनुकसंपादन करून अनेक रुग्णांसाठी तयार ठेवण्याचा. चीनमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा पेशी तीन रुग्णांना दिल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. दुसरा मार्ग शरीरातच कार-टी घडवण्याचा. कोविड लसींप्रमाणे मेदाच्या सूक्ष्म कणांतून आरएनए टी-पेशींपर्यंत पोहोचवला जातो. केमोथेरपी आणि पेशींचा कारखाना दोन्ही टळतात. तिसरा मार्ग दुहेरी प्रतिपिंडांचा. ही औषधे एका हाताने टी-पेशी आणि दुसऱ्या हाताने बी-पेशी पकडून दोघांची गाठ घालून देतात. ब्लिनाटुमोमॅब हे कर्करोगावरील असे औषध एर्लांगेनमध्ये आमवाताच्या सहा रुग्णांना देण्यात आले आणि त्यांच्या आजाराची तीव्रता घटली.

याशिवाय प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी वाढवण्याचा प्रयत्नही सुरू आहे. या पेशींच्या शोधासाठी मेरी ब्रंकाव्ह, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. कार-टीचा भर बंडखोर पेशी संपवण्यावर आहे, तर नियामक पेशींचा भर समजूत घालण्यावर.

आजार होण्याआधीच रोखता येईल का?

आमवाताची प्रतिपिंडे सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधी रक्तात दिसू शकतात. ब्रिटन आणि नेदरलँड्समधील चाचणीत अशी प्रतिपिंडे आणि सांधेदुखी असलेल्या, पण आमवात न झालेल्या २१३ जणांपैकी निम्म्यांना वर्षभर अ‍ॅबाटासेप्ट देण्यात आले. वर्षाअखेर औषध घेणाऱ्या ६ टक्के, तर न घेणाऱ्या २९ टक्के व्यक्तींना आमवात झाला. औषध थांबल्यावर हे अंतर कमी होत गेले. दोन वर्षांनी प्रमाण २५ आणि ३७ टक्के होते. म्हणजे आजार टळला नाही, लांबला. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मात्र आजार लांबवणाऱ्या टेप्लिझुमॅबला अमेरिकेने २०२२ मध्येच मान्यता दिली आहे. शाळकरी मुलासाठी इन्सुलिनशिवायची दोन वर्षेही मोलाचीच.

रुग्णांनी आज काय करावे?

नव्या उपचारांच्या बातम्या वाचून चालू औषधे बंद करणे सर्वांत धोक्याचे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सोडल्यास आजार भडकण्याची शक्यता वाढते. गरोदरपणातही ते सहसा सुरूच ठेवले जाते. स्टेरॉइड अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. लघवीतील प्रथिनांची नियमित तपासणी मूत्रपिंडावरील हल्ला लवकर पकडते, कारण सुरुवातीला तेथे दुखत-खुपत नाही. औषधाच्या दुष्परिणामासाठी डोळ्यांची तपासणी आणि उन्हापासून बचाव हेही तितकेच गरजेचे.

‘स्टेम सेल’ किंवा ‘इम्युनिटी रीसेट’च्या नावाखाली पैसे मागणाऱ्या जाहिरातींपासून सावध राहावे. भारतात औषधाची प्रत्येक अधिकृत चाचणी ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदणी संकेतस्थळावर नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती यादी कोणालाही मोफत पाहता येते. चाचणीत सहभागी होण्याचे निमंत्रण आल्यास नोंदणी क्रमांक, नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि इजा झाल्यास भरपाईची तरतूद या तीन गोष्टी आधी विचाराव्यात. मूत्रपिंडे शाबूत ठेवून नव्या उपचारांपर्यंत पोहोचायचे असेल, तर आजची गोळी आणि आजची तपासणी चुकवून चालणार नाही.