दारावरच्या दोन पाट्या

लालबागच्या जुन्या चाळीतली एक खोली मोजायला घेऊ. दहा बाय बारा, म्हणजे १२० चौरस फूट. कोपऱ्यात मोरी, वर माळा, भिंतीला खुंट्या आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली कपड्यांची दोरी. संडास बाहेर, गॅलरीच्या टोकाला, अख्ख्या मजल्याचा मिळून.

आता हीच खोली उचलून इंग्लंडमध्ये नेऊन ठेवा. तिथे एकाहून अधिक कुटुंबांतली मिळून पाच किंवा अधिक माणसं एका घरात राहत असतील आणि त्यांचं स्वयंपाकघर किंवा न्हाणी सामाईक असेल, तर घरमालकाला स्थानिक पालिकेकडून परवाना काढावा लागतो. त्या परवान्यासोबत फूटपट्टीही येते. एकट्या मोठ्या माणसाला झोपायला किमान ६.५१ चौरस मीटरची खोली हवी, दोघांना १०.२२ चौरस मीटरची. आपली दहा बाय बारा भरते ११.१५ चौरस मीटर. म्हणजे माणसं दोन. तिसऱ्याने अंथरूण पसरलं की मालकाने नियम मोडला.

लालबागच्या अशाच खोलीत, गिरण्या तीन पाळ्यांत धडधडत होत्या तेव्हा, वीस-वीस माणसं राहत. माझं कुतूहल इथे जागं होतं. ती राहत कशी? आणि त्यांना राहायची परवानगी दिली कोणी?

आधी ते आकडे पाहू. ६.५१, १०.२२ असले आडनिडे आकडे कोणी मनाने ठरवत नाही. मीटरचे फूट करा, मग उलगडा होतो: ७० चौरस फूट आणि ११० चौरस फूट. इंग्लंडच्या १९३५ च्या गृहनिर्माण कायद्यात गर्दीचं एक कोष्टक होतं. ११० फुटांची खोली दोन माणसांची, ९० ची दीड माणसाची, ७० ची एकाची, ५० ची अर्ध्याची. त्याखालची कोणाचीच नाही. अर्धा माणूस म्हणजे दहा वर्षांखालचं मूल. वर्षाच्या आतलं बाळ मोजायचंच नाही. भाड्याच्या सामाईक घरांसाठी २०१८ साली खोलीचं किमान माप ठरलं, तेव्हा तेच जुने फूट मीटरचा अंगरखा घालून परत आले.

त्याही मागे जा. १८६२ पासून ग्लासगो शहरात लहान घरांच्या दारांवर पत्र्याचे बिल्ले ठोकायला सुरुवात झाली. आत किती घनफूट हवा मावते आणि म्हणून किती माणसं झोपू शकतात, ते त्या बिल्ल्यावर कोरलेलं असे. हिशेब होता मोठ्या माणसामागे ३०० घनफूट हवा. रात्री निरीक्षक दार ठोठावून आतली डोकी मोजत, आणि जादा माणसं कपाटात नाहीतर छपरावर दडून बसत. घराच्या दारावर माणसांचा आकडा!

मुंबईवर तेव्हा त्याच ब्रिटिश सरकारचं राज्य होतं. १८८८ च्या मुंबई पालिका कायद्यात, आरोग्याला धोका होईल इतकी दाटी झालेल्या घरावर कारवाई करण्याचं कलम आहे. १८९६ साली प्लेग आला. त्याने हवा आणि उजेड यांची किंमत शहराला शिकवली, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० मध्ये विकास खातं आलं आणि त्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड इथे बीडीडी चाळी उभ्या केल्या. खोली १६० चौरस फुटांची. पण लालबाग-परळच्या गिरण्यांना माणसं हवी होती आणि माणसांना भाकरी. या दोन भुकांपुढे कुठल्याही दारावर आकडा टिकला नसता. १९११ च्या जनगणनेत मुंबईची सुमारे ६९ टक्के वस्ती एकखणी खोल्यांत राहत होती.

१९२२ साली सरकारी लेबर गॅझेटमध्ये एका डॉक्टर बाईंनी पाहिलेली खोली नोंदलेली आहे. चाळीचा दुसरा मजला, खोली १५ बाय १२ फूट, आत सहा कुटुंबं, लहानमोठी मिळून ३० माणसं. कुटुंबं सहाच, हे बाईंना पटलं कशावरून? जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली होत्या.

ही नोंद वाचली की मला आपल्या भाषेचं नवल वाटतं. भाऊ वेगळे झाले, असं सांगताना आपण म्हणतो, चुली वेगळ्या झाल्या. इंग्लंडच्या कायद्याला कुटुंब म्हणजे काय ते सांगायला नात्यांची लांबलचक यादी लागते. आपल्याकडे एका शब्दात काम होतं: चूल.

मात्र लालबागच्या कित्येक खोल्यांत चूलच नव्हती. १९२१ च्या मुंबईत हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे बायका होत्या. बायकामुलं कोकणात नाहीतर घाटावर, शेताच्या तुकड्याला धरून. पुरुष इथे, साच्यापुढे. या एकट्या पुरुषांची चूल खोलीबाहेर पेटायची, खाणावळीत. शेजारच्या चाळीतली एखादी बाई दहा-वीस जणांचे डबे करी आणि पगाराच्या दिवशी हिशेब चुकता होई. याच खाणावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेचं कर्ज त्यांच्या हाती दिलं. म्हणजे ज्या सोयी इंग्लंडचा कायदा एका छपराखाली मोजतो, त्या लालबागने गल्लीभर पसरून ठेवल्या होत्या. झोप खोलीत, जेवण खाणावळीत, आंघोळ नळावर, गप्पा गॅलरीत.

आता झोपेचं गणित. आडवं व्हायला माणसाला सहा फूट लांबी आणि अडीच फूट रुंदी पुरते, म्हणजे १५ चौरस फूट. १२० ला १५ ने भागा, आठ येतात. मोरी आणि ट्रंकांची जागा वजा करा, उरले सहा. सहाला तीन पाळ्यांनी गुणा, अठरा. वर एक माळ्यावर, एक गॅलरीत. झाले की वीस! सकाळी रात्रपाळीचा माणूस दारात यायचा तेव्हा दिवसपाळीवाल्याने वळकटी बांधून भिंतीला लावलेली असायची. जागा तीच, पथारी ज्याची त्याची. इंग्लंडच्या फूटपट्टीने फक्त जागा मोजली. लालबागने जागेला घड्याळाने भागलं. अडचण यायची ती आठवड्याच्या सुट्टीला, सगळेच घरी असताना. नारायण मेघाजी लोखंड्यांच्या लढ्याने १८९० साली गिरणी कामगाराला रविवार मिळवून दिला, आणि त्या रविवारी अख्खी खोली जिन्यावर, अंगणात, फुटपाथवर सांडायची.

पण वीस माणसांना घड्याळ एकटं सांभाळू शकत नाही. ते काम गावाने केलं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरकडच्या कित्येक गावांनी मुंबईत गावकीची खोली धरली. दारावर पत्र्याची पाटी: गावाचं नाव, पुढे ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’. या खोलीत कोणी भाडेकरू म्हणून येत नसे. गावचा म्हणून येई. आत एक वही असायची. महिन्याची वर्गणी किती, पाणी भरायची पाळी कोणाची, झाडलोट कोणाची, पाहुणा किती रात्री राहू शकतो, दारू पिऊन आलेल्याचं काय करायचं, हे सगळं बैठकीत ठरे आणि वहीत उतरे. नवा पोरगा गावाहून यायचा तो कोणाच्या तरी ओळखीने. काम लागेपर्यंत त्याची वर्गणी थांबे. ट्रंक भिंतीशी कुठे लावायची ते जुना माणूस सांगे, आणि ट्रंकेच्या रुंदीएवढी भिंत हाच त्याचा या शहरातला पत्ता होई.

गिरगावच्या बाजूला, धोबी तलावाला गेलात तर हीच कल्पना वेगळ्या वेषात भेटते. गोव्याहून आलेल्या खलाशांची, आचाऱ्यांची, वाजंत्र्यांची कूडं. एका गावाचं एक कूड, ग्रामदैवताच्या जागी गावचा संत, भिंतीलगत ट्रंकांची रांग, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. गोव्याच्या आणि मराठी माणसाने एकमेकांना न विचारता एकच उत्तर शोधलं: परक्या शहरात अनोळखी माणसांबरोबर राहायचं असेल तर त्यांना एका गावाचं करून टाका.

आता कायद्याकडे परत येऊ, कारण इथे एक शब्द चक्क उलटा फिरतो.

जुन्या चाळीतली भाडेपावती हातात घ्या. कागद पातळ, आकडा लहान, आणि नाव एकच. १९४७ च्या कायद्याचं पूर्ण नाव होतं मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम. त्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही असं संरक्षण दिलं. मालकांनी मग वाट शोधली. खोली भाड्याने द्यायचीच नाही, वापरायची नुसती परवानगी द्यायची. ही कल्पना त्यांना १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात सापडली. दुसऱ्याच्या जागेत, परवानगी नसती तर बेकायदा ठरलं असतं असं काही करण्याची मुभा, म्हणजे लायसन्स. शेतातून जाऊ देण्याची मुभा असते तशीच. त्यातून उभं राहिलं मुंबईचं ‘लिव्ह अँड लायसन्स’.

इंग्लंडमध्ये लायसन्स पालिका देते आणि घरमालक घेतो. मुंबईत लायसन्स घरमालक देतो आणि राहणारा घेतो. तिथे सिद्ध करावं लागतं मालकाला, की मी आणि माझं घर लायक आहोत. इथे लायकी सिद्ध करतो राहायला येणारा. कुठे कामाला, लग्न झालंय का, गाव कुठलं, जेवण कोणतं.

ही वाट सरळ राहिली नाही. १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जागेत असलेले लायसन्सवाले कायद्याने भाडेकरू झाले. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २४ ने मुदत संपताच जागा परत मिळवण्याचा जलद मार्ग मालकाला दिला. आणि कलम ५५ ने मालकावरच जबाबदारी टाकली: करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, मग तो ११ महिन्यांचा का असेना. नोंदणी नसेल तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जाईल. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लालबागच्या टॉवरमध्ये चौघे-पाचजण मिळून फ्लॅट घेणाऱ्या मुलामुलींनी हे कलम पाठच करावं. राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्या करारात असलंच पाहिजे. नाव नसलेला माणूस त्या घरात फक्त दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो.

मला हुरहूर लागते ती गावकीच्या खोलीची. भाडेपावती एकाच्या नावाची, राहणारे वीस, आणि कायद्याला समजते चूल. भाडेकरू वारला तर हक्क जातो त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे, तसं कोणी नसेल तर वारसाकडे. तीस वर्षं शेजारी पथारी टाकणारा गाववाला त्या व्याख्येत कुठेच बसत नाही. पोटभाडेकरू ठेवला म्हणावं, तर ते जागा खाली करून घेण्याचं कारण ठरू शकतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, पाळ्या थांबल्या. त्या दिवसांत वर्गणी थकलेल्या माणसाला डोकं टेकायला जागा राहिली असेल तर ती पावतीवरच्या नावामुळे नाही, वहीतल्या नावामुळे. आता चाळीच्या जागी इमारती येतायत आणि पुनर्विकासाचा कागद पावतीवरचं नाव विचारतो. वही कोणी मागत नाही. म्हणून ज्या गावांची खोली अजून शाबूत आहे, त्यांनी मंडळ नोंदवून पावती मंडळाच्या नावे करून घेण्याची खटपट आजच करावी. माणूस जातो. नोंदणीकृत मंडळाला मरण नसतं.

ग्लासगोच्या बिल्ल्याची मला थट्टा करावीशी वाटत नाही. दाटीत क्षय पसरतो, आग लागली तर एकच जिना असतो. डोकी मोजणाऱ्याने जीव वाचवले आहेत. आजच्या मुंबईत नोकरीसाठी आलेल्या मुलांना पीजीच्या खोलीत एकावर एक पलंग रचून ठेवलं जातं. त्या खोलीलाही खिडकी किती, संडास किती, बाहेर पडायची वाट कुठली, हे कोणीतरी मालकाला ठामपणे विचारायला हवं. करार नोंदवणं आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं एवढ्याने ते काम होत नाही.

ग्लासगोची पाटी सांगायची, आत किती. लालबागची पाटी सांगायची, आत कोणाचे. दहा बाय बाराच्या त्या दारावर दोन्ही पाट्या शेजारी शेजारी लावण्याइतकी जागा आहे.