बिनभोकाचा बोर्ड

बोर्ली पंचतनात टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा एक डबा मी बसवला. आतला मेंदू म्हणजे अर्डुइनो प्रो मिनी, ३३ बाय १८ मिलिमीटरचा. स्क्रूसाठी चार कोपऱ्यांत एकही भोक नाही. बोर्ड वायरींवर लोंबकळू लागला आणि बघायला येणारा प्रत्येक जण सल्लागार झाला.

पहिला शेरा ठरलेला: भोक नाही म्हणजे माल हलका. तसं काही नाही. २०१२ साली रास्पबेरी पाय बाजारात आला तेव्हा त्यालाही भोकं नव्हती. त्याच वर्षीच्या सुधारित बोर्डला दोन मिळाली, चार मिळायला २०१४चं बी प्लस मॉडेल उजाडावं लागलं. प्रो मिनी तर दुसऱ्या बोर्डवर पिनांनीही बसवता येतो.

मग ग्लूगन. ‘एक गोळा टाक, हलणार नाही.’ टाकला. मे महिन्यात पत्र्याखालचा तो बंद डबा उघडला, तर डिंकाचा खडा निघावा तसा गोळा अख्खा हातात आला. नेहमीचा गरम ग्लू साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, आणि बोर्डाच्या गुळगुळीत पाठीवर त्याची पकड मुळात बेताचीच. वायर किंवा उंच कपॅसिटर हलू नये म्हणून तो छान. तापणाऱ्या रेग्युलेटरवर मात्र लावू नये.

‘सिलिकॉन सगळीकडे चालतं’ हा त्याहून महागात पडणारा समज. खिडक्यांना लावायच्या ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा आंबट वास येतो, ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि तांबं हिरवं पडतं. दिवेआगरच्या बाजूने येणारा खारा वारा ते काम इथे आधीच करतोय, त्याला आपण आणखी हातभार कशाला लावायचा? दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागावं.

डबल टेप वाईट नाही, पण बोर्डाच्या पाठीवर सोल्डर केलेल्या पिनांची टोकं असतात. पातळ टेप त्यांनी फाटतो आणि डबा लोखंडी असेल तर शॉर्ट ठरलेला. टोकं कापून घ्यावीत, जाड फोमचा टेप घ्यावा, पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. चांगल्या ॲक्रिलिक टेपला पूर्ण ताकद यायला तीन दिवस लागतात, आपण तीन मिनिटांत ओढून बघतो. २३० व्होल्ट जाणारं रिले मात्र टेपच्या भरवशावर ठेवू नये.

ड्रिलने भोक पाडायचा सल्लाही आला. काही बोर्डांच्या पोटात तांब्याचे आणखी थर असतात, ते वरून दिसत नाहीत. प्रो मिनीवर तर ड्रिल टेकवायलाच जागा नाही.

सगळे बोर्ड धरायला धावत होते. अरे, बोर्डचं वजन जेमतेम दोन ग्रॅम, तो कशाला पडेल? त्याला ओढतात त्या वायरी. शेवटी झिरो पीसीबीचा थोडा मोठा तुकडा घेतला, त्याच्या कोपऱ्यांत भोकं पाडून तो स्पेसरवर कसला, त्यावर फिमेल बर्ग पट्ट्या सोल्डर केल्या आणि प्रो मिनी त्यांत दाबून बसवला. बिघडला तर उचलायचा, दुसरा खोचायचा. वायरी खालच्या बाजूने ग्लँडमधून आत घेतल्या आणि आत शिरताच केबल टायने बांधल्या. ग्लूचा एक थेंब मी टाकलाच, पण त्या टायच्या गाठीवर.