वाघूरच्या काठी चौथं वर्ष

अजिंठ्याच्या लेण्यांपाशी मोठं वळण घेऊन वाघूर नदी डोंगर उतरते आणि जामनेर तालुक्यातल्या पहूरवरून तापीकडे जाते. पुढे तिच्यावर बांधलेल्या धरणाचं पाणी जळगाव शहर पितं. पहूर हे पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायतींचं, हमरस्त्यावरचं गाव. पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे धावत होती त्या काळी अजिंठा पाहायला निघालेले प्रवासी याच स्टेशनात उतरून पुढे जात. लेणी अभ्यासकांच्या नकाशावर कायमची बसली. पहूरच्या शिवारातही अभ्यासाचे प्रश्न काही कमी नाहीत. कपाशी-मक्याला पाणी दिल्यावर उन्हाळ्यात विहिरीत किती उरतं, नवं बोअर किती खोल न्यावं लागतं, बाजाराच्या दिवशी गावाबाहेर पडणारा कचरा नदीत किती जातो, हे कुणीतरी नीट मोजायला हवं. हे मोजमाप पदवीच्या अभ्यासाचाच भाग होण्याची संधी आता आली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत पदवीचा नवा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स पदवी मिळवता येते. चौथ्या वर्षाचेही दोन रस्ते आहेत. एक साधा ऑनर्स, दुसरा संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्या रस्त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि १२ श्रेयांकांचं संशोधन करून प्रबंध लिहावा लागतो. त्याआधीच्या वर्षांत क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्पही श्रेयांकांसह ठेवले आहेत. २०२४ साली प्रथम वर्षाला बसलेली मुलं २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षात पोहोचतील. म्हणजे तयारीचा काळ हाच आहे.

महाविद्यालयांत सेवा आणि संशोधन या दोन्ही गोष्टी आधीपासून आहेत, फक्त त्यांचे संसार वेगळे आहेत. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं, अशी तिची घडी. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मुलामुलींनी घराबाहेरचं पहिलं गाव या शिबिरातच पाहिलं.

संशोधनाच्या बाजूला ‘आविष्कार’ आहे. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारातून २००६ साली ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा सुरू झाली. भाषा-मानव्यविद्येपासून शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, औषधनिर्माणापर्यंत विषयांचे गट असतात. आधी पोस्टर, मग परीक्षकांसमोर सादरीकरण, असं करत विद्यार्थी राज्य पातळीवर पोहोचतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे सांभाळणाऱ्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे विद्यार्थीही तिथे उतरतात. मात्र स्पर्धा संपली की पोस्टर गुंडाळलं जातं, शिबिर संपलं की अहवाल फायलीत जातो. शिबिराचं गाव आणि आविष्कारचा विषय एकच असायला काय हरकत आहे?

लोकांत फिरून ज्ञान टिपून घेण्याची रीत खानदेशाला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरच्या दप्तरांतून कागद गोळा करत आयुष्यभर हिंडले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यात त्यांचं निधन झालं आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. विद्यापीठाला जिचं नाव आहे ती असोद्याची बहिणाबाई स्वतः लिहू-वाचू शकत नव्हती. शेतात, जात्यावर ती जे गात असे ते घरातल्या मुलांनी कागदावर उतरवलं, म्हणून १९५२ साली ते पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आलं. गावात ज्ञान असतं, ते टिपून घेणारा हवा असतो. संशोधनासह ऑनर्सचा विद्यार्थी हे टिपून घेण्याचं काम करू शकतो.

त्याचा एक चांगला नमुना राज्यातच आहे. आयआयटी मुंबईत १९८५ पासून ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं ‘सितारा’ हे केंद्र काम करतं. तिथले विद्यार्थी गावात मुक्काम करून पाणी, शेती, नळयोजना यांचा अभ्यास करतात आणि त्यावर त्यांना गुण मिळतात. पुढे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसवण्यात आयआयटीचा हात होता. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांना किती लागेल, याचा हा गावनिहाय हिशेब. त्या प्रकल्पात जळगाव जिल्ह्यातली गावंही होती.

पहूरसारख्या गावात हे काम किती साध्या साधनांनी सुरू होऊ शकतं ते पाहा. विहिरीच्या कठड्यावर रंगाने खूण करायची, वजन बांधलेली मोजपट्टी सोडायची, पाण्याला टेकली की आकडा वाचायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. उरते ती जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली. विहिरीवरची मोटार नुकतीच बंद झाली असेल तर हा आकडा फसवा असतो. उपसलेलं पाणी पुन्हा वर येईपर्यंत थांबावं लागतं. शेतीची लाइट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, हे विहिरीच्या मालकाला विचारल्याशिवाय मोजणी नीट होत नाही. तिथेच शेतकरी आणि विद्यार्थी बोलायला लागतात. मग बोअर कधी मारलं, किती फुटांवर पाणी लागलं, कुठल्या दुष्काळात विहीर पहिल्यांदा आटली, हे सगळं वहीत येतं. १९७२ पासून काम करणारी राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. विद्यार्थ्यांनी शिवारातल्या आणखी तीस विहिरी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजल्या, तर त्या आकड्यांना गावपातळीचा तपशील मिळेल. ज्याचं गणित कच्चं आहे त्याने माहिती गोळा करावी, ज्याला नकाशा जमतो त्याने नकाशा करावा, मराठीच्या विद्यार्थ्याने म्हाताऱ्यांच्या आठवणी अहिराणी-तावडीत जशाच्या तशा लिहून घ्याव्यात.

अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतील तर मार्गदर्शक आणायचा कुठून? कापूस वेचायला, पाणी भरायला जाणाऱ्या मुलाला ७५ टक्के गाठणं शहरातल्या मुलापेक्षा अवघड जातं आणि शिवार तर त्यालाच जास्त कळतं. म्हणून चौथ्या वर्षाची वाट न पाहता दुसऱ्या वर्षाच्या समाजसहभाग प्रकल्पापासूनच एकाच गावाचा, एकाच प्रश्नाचा धागा धरायला हवा. पुढच्या तुकडीने मागच्या तुकडीची वही पुढे न्यावी. तीन-चार वर्षांचे आकडे सलग जमले की त्यांना वजन येतं.

आणि प्रबंधाची एक मराठी प्रत ग्रामपंचायतीत पोहोचायलाच हवी. आठवं सत्र उन्हाळ्यात संपतं, १ मे ला ग्रामसभा असते. त्या सभेत विद्यार्थिनीने उभं राहून कुठल्या विहिरी लवकर आटतात आणि कुठल्या नाल्यावर बांध घातला तर फायदा होईल, हे दहा मिनिटांत सांगावं. शेतकऱ्यांनी तिला प्रश्न विचारावेत, चूक असेल तिथे दुरुस्त करावं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची चर्चा होते, तोवर दुरुस्त केलेले आकडे सरपंचांच्या टेबलावर असतील.