वाचता येतं, म्हणजे डोळे ठीक?

मोतीबिंदू निदान जाणवतो तरी. अक्षरं धूसर होतात, समोरच्या गाडीचे दिवे फाकतात. आणि शस्त्रक्रियेनंतर नजर बहुधा परत येते. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्यातला द्रव नीट झिरपून गेला नाही की आतला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिनसेचे तंतू हळूहळू मरत जातात. बहुतेकदा ना दुखतं, ना डोळा लाल होतो. आधी कडेची नजर जाते. मधली शाबूत असल्याने वर्तमानपत्र वाचता येतं, शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. मेलेले तंतू कोणत्याही औषधाने जिवंत होत नाहीत. उरलेले तेवढे वाचवता येतात.

चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे नेत्रतपासणी नव्हे, हे मला आवर्जून सांगायचंय. डोळ्याचा दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. पण तो ठीक असूनही काहींची नस झिजते. म्हणून थेंब घालून, बाहुली मोठी करून डॉक्टरांनी नस आणि पडदा पाहायलाच हवा. साठीनंतर वर्षा-दोन वर्षांनी. मधुमेह असेल तर दरवर्षी. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांना काचबिंदू असेल, तर चाळिशीतच सुरुवात करा. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा सोबत कुणीतरी असू द्या.