सागाची फळी व रंध्याचें यंत्र

नागपूरचें नांव निघालें कीं लोकांस संत्रीं आठवतात. परंतु आलापल्ली-बल्लारपूरकडील रानांतलें सागवान हेंही विदर्भाचें मोठें धन आहे. सन २०२३ मध्यें उघडलेल्या दिल्लीच्या नव्या संसदभवनास लागलेलें सागवान नागपुराहूनच गेलें. असें लाकूड तयार होण्यास कित्येक दशकें लागतात. तें वायां दवडण्यास मात्र एक घटका पुरते.

जाड फळी यंत्रकरवतीनें चिरून दोन पातळ फळ्या काढिल्या, म्हणजे त्यांवर करवतीचे ओरखडे राहतात. शिवाय लाकडाच्या पोटांतील ताण मोकळे होऊन त्या किंचित् वांकतात. त्या गुळगुळीत करण्यास थिकनेस प्लेनर घेतात. पण हें यंत्र फळीची जाडी सारखी करितें. वांक काढीत नाहीं. त्याचे रूळ वांकडी फळी दाबून सरळ धरितात, पातीं तिला तासतात, आणि बाहेर पडतांच ती पुनः वांकते. म्हणून चिरलेल्या फळ्या कांहीं दिवस हवेशीर जागीं रचून ठेवाव्या, एक बाजू हातरंध्यानें अगर सरफेस प्लेनरनें सपाट करावी, व मगच ती बाजू खालीं ठेवून फळी यंत्रांत द्यावी.

यंत्र निवडतांना केवळ मोटारीचा जोर पाहूं नये. पात्यांच्या दंडगोलास ३ पातीं असून तो मिनिटास ५००० फेरे घेत असेल, तर काप १५००० होतात. फळी मिनिटास २० फूट, म्हणजे २४० इंच, सरकत असेल तर इंचास सुमारें ६२ काप पडतात. काप जितके दाट, तितका पृष्ठभाग नितळ. सागांत वाळूंतलें सिलिका असतें. त्यानें पोलादी पात्यांची धार लवकर जाते. सबब कार्बाइडचीं पातीं बसतील असें यंत्र बरें. दर खेपेस अर्धा मिलिमीटरच काढावा. रेषांच्या उलट तासल्यास टवके उडतात. रुळांमधील अंतराहून आंखूड फळी कदापि देऊं नये. ती उसळून इजा करील.

आतां हिशेब पाहूं. २५ मिलिमीटरची फळी चिरतांना २ मिलिमीटर करवतींत जातात. उरलेल्या दोन्ही फळ्या दोहों बाजूंनीं २-२ मिलिमीटर तासल्या, तर हातीं १५ राहतात. १-१ मध्येंच भागलें, तर १९. म्हणून यंत्र घेण्यापूर्वीं पालकांनीं आपलीच एक फळी त्यांतून काढून पाहावी, व मुलांनीं हें गणित तेथेंच करून दाखवावें, असें आम्ही सुचवितों.