पाणथळीतले रोहित आणि तंजावरची कोरवंजी

चेन्नईच्या दक्षिणेस, राजीव गांधी सालैच्या काठी पसरलेल्या पेरुंगुडीत संगणकाच्या व्यवसायानिमित्त नाना मुलखांतली बिऱ्हाडे येऊन वसली आहेत, आणि त्यांत मराठी बिऱ्हाडेही आहेत. अशा वस्तीत लहान मुलांच्या नाट्यवर्गाचा विषय निघाला, म्हणजे पालकांच्या मनश्चक्षूंपुढे प्रथम उभे राहते ते वार्षिक संमेलन, भाड्याने आणलेला पोशाख आणि ‘आमच्या बाळाला काम कोणते मिळाले?’ ही पृच्छा. वस्तुतः सहासात वर्षांच्या मुलाच्या नाट्यशिक्षणाशी या तिहींचा संबंध फार थोडा.

मुलाचे नाट्य हे मोठ्यांच्या रंगभूमीची लहान आवृत्ती नसून एक स्वतंत्र कला आहे, असे प्रतिपादन इंग्लंडातील पीटर स्लेड यांनी 1954 साली ‘चाइल्ड ड्रामा’ या ग्रंथात केले; पुढे डोरोथी हीथकोट यांनी शिक्षकानेच एखादे सोंग घेऊन मुलांच्या खेळात उतरावे, ही पद्धत रूढ केली. पेरुंगुडीत तिचा प्रयोग करण्यास साहित्य शोधावे लागत नाही. लगतच पल्लीकरणैची पाणथळ आहे. तेथे हंगामात रोहित पक्षी उतरतात, आणि त्याच पाणथळीच्या अंगावर शहराच्या कचऱ्याचे ढीगही चढले आहेत. मुलांनी रोहित व्हावे, एका पायावर तोल सावरीत चिखलात चोच बुडवावी. इतक्यात बाईंनी कचरागाडीचा मुकादम होऊन यावे आणि ‘गाडी कुठे रिकामी करू?’ म्हणून दरडावावे. तमिळ येत नाही म्हणून भिंतीला टेकून बसणारे नाशिककडचे पोरही अशा वेळी पंख पसरून वाट अडवायला धावते, कारण तेथे पाठ केलेले संवाद नसतात, आणि बघायला कोणी बसलेले नसल्यामुळे चुकण्याची धास्तीही नसते.

सोंगाच्या आडून विद्या देण्याचा हा हुन्नर तमिळ भूमीतल्या मराठीला नवा नव्हे. तंजावरच्या गादीवर 1798 पासून 1832 पर्यंत असलेल्या सरफोजी राजांनी ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक रचले. तमिळ कुरवंजी नाटकांत भविष्य सांगणारी कुरवंजी हात पाहण्यापूर्वी आपल्या डोंगरांचे व मुलखाचे वर्णन करते, असा शिरस्ता आहे. त्याचाच लाभ घेऊन राजांनी गाण्यांतून साऱ्या पृथ्वीचा भूगोल सांगितला. नकाशा शिकविण्याची याहून चतुर तजवीज माझ्या तरी पाहण्यात नाही.

मुंबईत सुधा करमरकरांनी 1959 साली रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणले, तेव्हा मराठी बालनाट्यास खरी प्रतिष्ठा लाभली. तथापि ते मुलांनी पाहावयाचे नाटक. वर्गातले नाट्य मुलांनी जगावयाचे. या दोहोंची गल्लत झाली, की चिकटविलेल्या मिशांखाली ओठ थरथरत असलेले एखादे चिमुरडे सिंहासनावरून मोठ्यांची भाषणे घोकून म्हणू लागते, आणि सभागृह टाळ्या वाजविते!

म्हणून पालकांना एवढीच विनंती, की वर्गात नाव घालताना प्रयोगाची तारीख विचारू नये. गेल्या शनिवारी मुले काय काय झाली होती, ते विचारावे. उत्तर समाधानकारक वाटले, तरी वर्गाचे दोनचार तास दारातून पाहिल्याखेरीज वर्षाची फी भरू नये.