दिसले ते सगळेच जंत नसतात

डिसेंबर-जानेवारीत छत्रपती संभाजीनगरचा पारा दहा-बारा अंशांवर उतरला, की घरातल्या टाकीतले कासव मान आत ओढून बसते. दोन दिवस खात नाही. तिसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणते, ‘जंत झाले असतील.’ मग कुत्र्यासाठी आणलेल्या जंताच्या औषधाचे दोन थेंब कासवालाही दिले जातात.

घात होतो तो इथेच. कुत्र्यांना आणि गुरांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कासवासाठी विषासमान आहे. त्याने कासवाचे पाय लुळे पडतात आणि ते दगावू शकते. मुळात सरपटणाऱ्या प्राण्यांचे पचन बाहेरच्या उबेवर चालते. थंडीत कासवाची भूक मंदावते, त्यामागे जंत असतीलच असे नाही. जंत आहेत का आणि कोणते, हे सूक्ष्मदर्शकाखाली विष्ठा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

मिठाच्या पाण्याची किमया

तपासणीची पद्धत साधी आहे. ताज्या विष्ठेचा कण मिठाच्या कोमट, सौम्य द्रावणात कालवून काचपट्टीवर पसरतात. यात हालचाल करणारे एकपेशीय जीव दिसतात. नमुना वाळला किंवा थंड पडला की ते मरतात, म्हणून ही तपासणी लगेच करावी लागते.

दुसऱ्या पद्धतीत, आणखी मीठ विरघळणार नाही इतके खारट पाणी घेतात. अशा दाट पाण्यात कृमींची बरीचशी अंडी हलकी ठरून वर तरंगतात. दहा-पंधरा मिनिटांनी वरचा थर काचेवर घेतला, की इतर गाळातून ती वेगळी दिसतात. काही कृमींची अंडी मात्र जड असतात. ती तळाशी बसतात, त्यामुळे गाळही तपासावा लागतो.

सगळेच परजीवी इतक्या सहज सापडत नाहीत. सापांच्या जठराला सूज आणणारा क्रिप्टोस्पोरिडियम जेमतेम पाच-सहा मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या रक्तातील तांबड्या पेशीपेक्षाही थोडा लहान असतो. तो ओळखण्यासाठी काचपट्टी खास पद्धतीने रंगवावी लागते.

उंदराचे जंत, सापाच्या विष्ठेत

खरी कसोटी अंडे दिसल्यानंतर लागते. बॉल पायथनसारखा पाळीव साप उंदीर खातो. उंदराच्या आतड्यातील जंतांची अंडी आणि त्याच्या केसांतील गोचिडीसारख्या किडींची अंडी सापाच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडतात. ती काचेखाली ठळक दिसतात, पण सापाला त्यांचा काहीच त्रास नसतो. तो आजार उंदराचा, साप फक्त वाहक.

पालेभाज्या खाणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेत परागकण, वनस्पतींचे धागे आणि हवेचे बुडबुडेही नवख्याला चकवतात. म्हणून जाणकार आकार मोजतो, कवच किती जाड आहे ते पाहतो, आत काय आहे ते तपासतो आणि प्राणी काय खातो हे आधी विचारतो.

सापडले तरी घाबरू नका

कासव आणि इग्वानाच्या मोठ्या आतड्यात सुतासारखे बारीक कृमी अनेकदा असतात. संख्या मर्यादित असेल आणि प्राणी नीट खात-पीत असेल, तर ते सहसा अपाय करत नाहीत. वजन घटणे, पातळ विष्ठा, सुस्ती अशी लक्षणे असतील आणि अंडीही भरपूर सापडत असतील, तरच उपचारांचा विचार होतो.

उलट, एका प्राण्यात निरुपद्रवी असलेला जीव दुसऱ्याचा जीव घेऊ शकतो. एन्टामिबा इनव्हाडेन्स हा अमिबा अनेक कासवांच्या पोटात गुपचूप राहतो. तोच सापाच्या किंवा सरड्याच्या आतड्यात गेला, तर जीवघेणा ठरतो. कासव आणि साप एकाच टाकीत ठेवू नयेत, एकाची भांडी दुसऱ्याला वापरू नयेत, ते यासाठीच.

शहराचे नाव लागलेला कृमी

कृमी नेमका ओळखणे हे चिकाटीचे काम आहे आणि या शहराला त्याची जुनी परंपरा आहे. आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डॉ. जी. बी. शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांच्या आतड्यातील पट्टकृमींवर दीर्घकाळ काम केले. १९८० मध्ये नोंदवलेल्या एका कृमीचे नाव आहे ‘सेंगा औरंगाबादेन्सिस’, तर १९८१ मधील दुसऱ्याचे ‘सेंगा पैठणेन्सिस’. हे कृमी माशांतले, पण धडा तोच. डोक्यावरचे आकडे मोजून, एकेक अवयव पाहूनच नाव ठरते, नुसत्या नजरेच्या अंदाजाने नाही.

नमुना कसा न्यावा?

विष्ठा ताजी असावी, वाळू किंवा माती लागलेली नसावी. स्वच्छ, झाकणाच्या डबीत ती काही तासांत पोहोचवावी. उन्हात ठेवू नये, फ्रीजरमध्ये गोठवू नये. प्राणी काय खातो, टाकीचे तापमान किती, आधी कोणते औषध दिले, हे लिहून न्यावे. अंडी रोज पडतातच असे नाही, त्यामुळे एका तपासणीत काही सापडले नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. उपचारांनंतरही पुन्हा तपासणी हवी. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यक गाठणे उत्तम. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्राचा स्वतंत्र विभागही आहे.

घरच्यांनीही काळजी घ्यायला हवी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू माणसात येऊ शकतात. लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये आणि प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

आणखी एक. स्टार कासव किंवा आपल्याकडचे साप पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. बॉल पायथन, इग्वाना यांसारख्या विदेशी प्रजातींची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते.

थंडीत कासवाने मान आत घेतली, तर आधी टाकीत ऊब आहे का ते पाहा. तरीही ते खात नसेल, तर डबीत नमुना घ्या. औषधाची बाटली मात्र तपासणीचा निष्कर्ष हाती येईपर्यंत कपाटातच राहू द्या.